वाऱ्याच्या हातात काय आहे ते आधी पाहा

‘ग्रीकांचा वायुदेव कोण?’ या प्रश्नाला प्रश्नमंजूषेत ‘इओलस’ म्हटलं की गुण मिळतो. होमरने तो दिला नसता. ‘ओडिसी’च्या दहाव्या सर्गातला इओलस हा हिप्पोटीसचा मुलगा. देवांचा लाडका, पण देव नव्हे. झ्यूसने त्याला वाऱ्यांचा ‘टमिआस’ नेमलंय, म्हणजे कोठारी. कुठला वारा कोंडायचा आणि कुठला सोडायचा एवढंच त्याच्या हातात. कोठारातलं धान्य कोठाऱ्याच्या मालकीचं नसतं, तसे वारेही त्याचे नाहीत.

ट्रॉयहून घरी निघालेल्या ओडिसियसला इओलसने वाऱ्यांची पिशवी दिली ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तपशील बहुतेक वेळा गाळला जातो, आणि मजा तपशिलातच आहे. पिशवी नऊ वर्षांच्या बैलाच्या कातड्याची. तोंड चांदीच्या दोरीने बांधलेलं, झुळूकभरही बाहेर येऊ नये इतकं घट्ट. आत सगळे वारे, फक्त एक सोडून. झेफिरस बाहेर ठेवला, कारण ओडिसियसला पश्चिमेकडून पूर्वेला, इथाकाला जायचं होतं आणि पश्चिमेचा वारा पाठीशी लागणार होता. म्हणजे इओलसची भेट ‘वाऱ्यांची पिशवी’ नव्हतीच. भेट होती ती पिशवीबाहेर ठेवलेल्या त्या एका वाऱ्याची. नऊ दिवस जहाज सरळ गेलं, दहाव्या दिवशी किनाऱ्यावरच्या शेकोट्या दिसू लागल्या. तेवढ्यात शिडाची दोरी नऊ दिवस स्वतःच्याच हातात धरून बसलेल्या ओडिसियसचा डोळा लागला, आणि आत सोनं-चांदी असेल म्हणून साथीदारांनी पिशवीची दोरी सोडली. सुटलेल्या वाऱ्यांनी जहाज परत मागे नेलं. पुढे ओडिसियस परत मदत मागायला गेला तेव्हा इओलसने त्याला हाकलून दिलं. देवांची ज्याच्यावर खप्पा मर्जी आहे त्याला मदत करणं मला शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. हे नोकराचं बोलणं आहे, देवाचं नाही.

इओलसचा राजा केला तो रोमन कवी व्हर्जिलने, सात शतकांनी. ‘इनीड’च्या पहिल्या सर्गात तो डोंगराच्या पोटात वारे कोंडून वर राजदंड घेऊन बसलेला आहे. जूनो देवी येते आणि ट्रॉयकरांची जहाजं बुडवलीस तर आपल्या चौदा अप्सरांपैकी सर्वांत सुंदर डेइओपिया तुला देते म्हणते. तो भाल्याने डोंगराची कूस फोडतो आणि युरस, नोटस, आफ्रिकस बाहेर धावतात. पण इथेसुद्धा समुद्रदेव नेपच्यूनला समुद्रावरची ही ढवळाढवळ खपत नाही. तुमच्या राजाला सांगा, समुद्र माझ्या वाट्याला आलाय. त्याने आपल्या कोठडीत राज्य करावं, असं तो वाऱ्यांना झापतो. म्हणजे रोमन काव्यातही इओलसची हद्द तुरुंगाच्या भिंतीपुरतीच.

इओलस राहायचा त्या बेटाची जागा पुढे सिसिलीच्या उत्तरेच्या लिपारी बेटांत ठरवली गेली, आणि त्यामागे एक रोखठोक कारण सांगितलेलं सापडतं. तिथे जागृत ज्वालामुखी आहेत. रोमन लेखक प्लिनी लिहितो की स्ट्राँगिली बेटाच्या (आजचं स्ट्राँबोली) धुरावरून तिथले लोक तीन दिवस आधी वारा सांगतात, आणि म्हणूनच वारे इओलसचं ऐकतात अशी समजूत झाली. शेजारच्या हिएरा बेटाबद्दल भूगोलकार स्ट्रॅबोने इतिहासकार पॉलिबियसच्या आधाराने खुणाच दिल्या आहेत. दक्षिणेचा वारा येणार असेल तर बेटाभोवती असं धुकं उतरतं की समोरची सिसिलीही दिसेनाशी होते. उत्तरेचा येणार असेल तर विवरातून स्वच्छ ज्वाळा उंच उठतात आणि गडगडाट वाढतो. पश्चिमेचा असेल तर दोन्हींच्या मधलं काहीतरी.

तर मग देव कोण? खुद्द वारे. ग्रीक शब्द ‘अनेमॉय’, आणि तो अनेकवचनी आहे. आपल्याकडे आठ दिक्पालांपैकी एक दिशा वायूला मिळाली आणि ती वायव्य झाली. तिकडे गणित उलटं: प्रत्येक दिशेला स्वतःचा वारा, त्याला स्वतःचं नाव, स्वभाव, ऋतू. आपल्या डोक्यातला एकवचनी वायू तिथे बसवायला गेलं की पुढचं सगळं बिनसतं. मरुत् अनेकवचनी आहेत खरे, पण त्यांची टोळी आहे. त्यांतला उत्तरेचा कुठला नि दक्षिणेचा कुठला, हे कुणी विचारत नाही.

ग्रीक कवी हेसिअडने दिलेली वाऱ्यांची वंशावळ थोडी विचित्र आहे आणि त्या विचित्रपणात बरंच काही आहे. पहाटेची देवी इओस आणि अस्ट्रेअस यांना तीन मुलगे: झेफिरस, बोरीअस, नोटस. पश्चिम, उत्तर, दक्षिण. पूर्वेचा वाराच नाही! पुढे टायफिअस या राक्षसाला झ्यूसने पाताळात टाकल्यावर त्याच्यापासून बाकीचे वारे निघाले असं तो सांगतो. कुठून येतील याचा नेम नाही, जहाजं उधळतात, खलाशी बुडवतात, शेतांवर धूळ ओततात, आणि त्यांच्यावर उपाय नाही. म्हणजे ज्यांचा ऋतू आणि दिशा ठरलेली आहे ते देवांच्या कुळातले, आणि वावटळी राक्षसाच्या पोटच्या. ही वाटणी शेतकऱ्याची आणि खलाशाची आहे. पूर्वेचा युरस होमरमध्ये मात्र आहे. समुद्रदेव पोसायडन ओडिसियसचा तराफा फोडतो तेव्हा चौघे एकदम तुटून पडतात.

आता मुख्य ठिकाणाकडे. वारे ओळखायला शिकायचं तर पुस्तकांपेक्षा अथेन्सच्या रोमन अगोरातला वाऱ्यांचा मनोरा बरा. किऱ्हसच्या अँड्रॉनिकसने बांधलेला, पेंटेलिक संगमरवराचा, अष्टकोनी, सुमारे १२ मीटर उंच. काही अभ्यासक तो इ.स.पू. दुसऱ्या शतकातला मानतात, काही पहिल्या. रोमन लेखक व्हॅरोने इ.स.पू. ३७ च्या शेतीवरच्या पुस्तकात त्याचा उल्लेख केलाय, तेव्हा त्याच्या आधीचा नक्की. बाहेरच्या भिंतींवर सूर्यघड्याळं, आत पाण्याचं घड्याळ. शिखरावर ब्राँझचा ट्रायटन (अर्धा माणूस, अर्धा मासा असा समुद्रदेव) होता. तो वाऱ्याबरोबर फिरून वाऱ्याकडे तोंड करायचा, आणि त्याच्या हातातली कांडी ज्याचा वारा वाहतोय त्याच्या मूर्तीवर यायची. ट्रायटन आज नाही, मूर्ती आहेत. अठराव्या शतकात इथे दर्विशांचा मठ होता. २०१६ साली साफसफाई होऊन मनोरा आतूनही पाहायला खुला झाला.

तिथे गेलात तर दोन गोष्टी पक्क्या ठेवा. एक, मूर्ती ज्या भिंतीवर आहे त्या दिशेकडून तो वारा येतो. आपण नैऋत्य मोसमी वारे म्हणतो तोच हिशेब. वारा जातो कुठे याला नावात जागा नाही. दोन, नावं ग्रीक अक्षरांत कोरलेली आहेत, पण ती खालून वाचता येतीलच असं नाही. म्हणून हातात काय आहे ते पाहायचं.

सर्वांत सोपा झेफिरस. जवळजवळ उघडा तरुण, झग्याच्या ओच्यात फुलं. त्याच्यासमोर उभं राहिलात की तुमचं तोंड पूर्वेला, आणि दिशा हाती आल्या. तिथून उजवीकडे सरकलात की लिप्स, नैऋत्येचा. त्याच्या हातात जहाजाच्या मागच्या टोकाचं वळणदार नक्षीकाम आहे, पिसाऱ्यासारखं. हा वारा पिरीअसच्या बंदरात जहाजं आणतो म्हणून, की किनाऱ्यावर आपटतो म्हणून, यावर मतभेद आहेत. दोन्ही खरं असायला हरकत नाही. पुढचा नोटस, दक्षिणेचा. त्याने घागर उलटी धरली आहे: पाऊस. मनोऱ्याला दक्षिणेकडून जोडलेली गोल खोली पाण्याच्या घड्याळासाठी होती, त्यामुळे नोटस दुरूनही हुडकता येतो. मग आग्नेयेचा युरस, दाढीवाला, झग्यात हात गुंडाळून घेतलेला, हातात काहीच नाही. अंधारून आलेल्या, पण काय करणार ते न सांगणाऱ्या आभाळासारखा. पूर्वेचा अपेलिओटीस तरुण, ओच्यात फळं आणि धान्याची कणसं. नावाचा अर्थच ‘सूर्याकडून येणारा’. त्याचा पाऊस हलका, पिकाला मानवणारा.

मग ईशान्येचा कैकियस. त्याच्या ढालीत गारा भरल्या आहेत आणि तो त्या ओतायच्या बेतात आहे. कैकियसचा एक चमत्कारिक गुण ॲरिस्टॉटलने नोंदलाय: बाकीचे वारे ढग पुढे ढकलतात, हा आपल्याकडे ओढतो. त्यावरून ग्रीकांत म्हणच होती, ‘कैकियस ढग ओढतो तसा’ स्वतःवर संकट ओढवून घेणाऱ्या माणसासाठी. उत्तरेचा बोरीअस जाड बाह्यांचा अंगरखा घालून शंख फुंकतोय. अथेन्समध्ये हिवाळ्यात उत्तरेचा वारा गल्लीबोळांतून शिरतो तेव्हा त्याचा आवाज होतो, तोच हा शंख. शेवटचा वायव्येचा स्किरॉन. दाढी, आणि हातात तिरकं केलेलं ब्राँझचं भांडं. त्यातून निखारे सांडताहेत की पाणी, यावर एकमत नाही. रखरखीत कोरडा वारा म्हणून निखाऱ्यांची बाजू मला जड वाटते.

पाहताना आणखी एक खूण धरून ठेवा. दाढीवाले चार: बोरीअस, कैकियस, युरस, स्किरॉन. हे बोचरे किंवा बेभरवशाचे. दाढी नसलेले चार सौम्य, निदान उबदार. अंगावरचे कपडेही त्याच मापाने कमी-जास्त होतात. शिल्पकाराने हवामानाचा अंदाजच कोरून ठेवलाय.

पण हा अंदाज अथेन्सचा, हे विसरू नका. ‘स्किरॉन’ हे नाव मेगाराकडच्या स्किरोनी कड्यांवरून आलं. ते कडे अथेन्सहून त्या बाजूला दिसतात, म्हणून वायव्येचा वारा स्किरॉन. आणखी कुठे तोच वारा ऑलिंपियस, तर कुठे आर्गेस्टीस. ‘ग्रीक वायव्य वाऱ्याचं खरं नाव कोणतं’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही एकाच वाऱ्याला घाटावर एक नाव आणि खाली कोकणात दुसरं असतंच की.

झेफिरसची झुळूक केली ती नंतरच्या कवींनी. होमरचा झेफिरस चांगलाच दांडगा आहे. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याची चिता पेट घेत नाही. अकिलीस बोरीअस आणि झेफिरस दोघांना साकडं घालतो. देवांची दूत इरिस निरोप घेऊन जाते तेव्हा सगळे वारे झेफिरसच्याच घरी जेवायला बसलेले असतात. मग हे दोघे थ्रेसचा समुद्र खवळवत येतात आणि रात्रभर चिता फुंकतात. मराठी भाषांतरांत ‘झेफिर’ दिसला की ‘मंद वायुलहर’ लिहायची सवय आहे. ओव्हिडमध्ये ते चालेल. तिथे तो क्लोरिसला पळवून नेऊन फुलांची राणी फ्लोरा करतो. होमरमध्ये मात्र ते चूक.

वारे किती हा घोळ सर्वांत मोठा. होमरचे चार, मनोऱ्यावर आठ, आणि रोमन काळात बारा. यातली गोम ॲरिस्टॉटलच्या आकृतीत आहे. त्याने वर्तुळावर कोन मोजून भाग पाडले नाहीत. सूर्य उगवतो-मावळतो त्या जागा घेतल्या. विषुवदिनाचा सूर्योदय म्हणजे अपेलिओटीस, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय म्हणजे कैकियस, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा म्हणजे युरस. मावळतीकडेही तसंच. अथेन्सच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे ३८ अंशांवर, हा सूर्योदय पूर्वेपासून सुमारे ३० अंश सरकतो. मुंबईत तो जेमतेम २५ अंश सरकतो. म्हणजे कैकियस ४५ अंशांवरच्या नेमक्या ईशान्येला नाही, पूर्वेकडे बराच कललेला आहे. तिथे आणि उत्तरेत मग ६० अंशांची पोकळी राहते. तिच्यात मेसिस बसवला, उत्तरेच्या दुसऱ्या बाजूला थ्रासकियस. ३०-३० अंशांचे बारा वारे या वाटेने आले. आठांची पद्धत वर्तुळाचे सरळ भाग पाडते. दोन्ही पद्धतींत नावं तीच आणि जागा वेगळ्या, त्यामुळे एका पुस्तकात युरस आग्नेयेला आणि दुसऱ्यात जवळजवळ पूर्वेला सापडला तर छपाईची चूक समजू नका.

आठ वाऱ्यांच्या जागा जमिनीवर कशा काढायच्या, हे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात पायरीपायरीने दिलंय. गच्चीवर करून पाहता येतं. पाणसळ लावून सपाट केलेल्या जागेच्या मधोमध सरळ दांडी उभी करा. दिवसाच्या पाचव्या तासाला (दिवसाचे बारा भाग धरून, म्हणजे दुपारच्या तासभर आधी) सावलीच्या टोकावर खूण करा. दांडीच्या बुडाशी केंद्र धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ काढा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबत वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांवरून सारख्या त्रिज्येचे कंस काढा, ते छेदतील तो बिंदू आणि दांडी जोडा. ही उत्तर-दक्षिण रेषा. ती परिघाला जिथे मिळते तिथून दोन्ही बाजूंना परिघाचा सोळावा भाग मोजा. उत्तर आणि दक्षिण वाऱ्यांना एकेक अष्टमांश मिळाला. उरलेल्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन सारखे भाग करा. झाले आठ.

चुकतं कुठे? पहिलं, दांडी ओळंब्यात नसते. दुसरं, सावलीचं टोक धूसर असतं, कारण सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं आहे. ३० सेंटिमीटर दांडीची ४० सेंटिमीटर सावली पडली तर टोकाशी सात-आठ मिलिमीटरचा धूसर पट्टा येतो. तिसरं म्हणजे पाचवा तास हीच थोडी गैरसोयीची वेळ. दुपारच्या जवळ सावलीची लांबी फार सावकाश बदलते, त्यामुळे ती वर्तुळाला नेमकी कधी टेकली हे कळत नाही. सकाळी नऊच्या सुमाराची खूण जास्त बरी. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी खुणा करून तेवढी वर्तुळं काढली आणि सरासरी घेतली तर आणखी उत्तम. चौथं बारीक आहे: सकाळ ते दुपार सूर्य स्वतःही उत्तर-दक्षिण सरकतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांजवळ सर्वांत जास्त. डिसेंबर किंवा जूनच्या अखेरीस केलंत तर ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

कात्यायन शुल्बसूत्रातली दिशा काढायची रीत याच घरातली आहे, पण एक फरक आहे. तिथे वर्तुळाची त्रिज्या आधीच ठरलेली, शंकूच्या म्हणजे उभ्या दांडीच्या उंचीइतकी. दोन खुणा जोडल्या की तीच प्राची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. मुंबईत हे वर्षभर चालतं, कारण डिसेंबरातही भर दुपारी सूर्य ४५ अंशांच्या थोडा वर असतो आणि सावली शंकूहून आखूड होते. अथेन्समध्ये डिसेंबरात भर दुपारचा सूर्य २८-२९ अंशांवरच. तिथे सावली त्या वर्तुळात शिरणारच नाही. आधी सावली, मग वर्तुळ, ही व्हिट्रुव्हियसची रीत त्या मुलखात सोयीची.

हे सगळं व्हिट्रुव्हियस कशासाठी करतो, तर शहराचे रस्ते दोन वाऱ्यांच्या सीमेवर यावेत, म्हणजे वारा सरळ गल्लीत न घुसता घरांच्या कोपऱ्यांवर फुटेल. लेस्बॉसवरच्या मिटिलीनीचं उदाहरण तो देतो. शहर देखणं, पण जागा मूर्खपणाने निवडलेली. दक्षिणेचा वारा सुटला की लोक आजारी, वायव्येचा सुटला की खोकला, उत्तरेचा सुटला की बरे होतात, पण थंडीने रस्त्यात उभं राहवत नाही. उदाहरण झकास, उपाय मात्र कच्चा. सीमेवरचा रस्ता दोन्ही वाऱ्यांच्या मध्यापासून फक्त साडेबावीस अंश लांब असतो, आणि वारा काही भागाच्या मध्यातूनच वाहायला बांधलेला नाही. हे त्यालाही जाणवलं असावं, कारण लगेच पुढे तो चोवीस वाऱ्यांची यादी देतो.

पूजेचे पुरावे होमरच्याही मागे जातात. क्रीटमधल्या क्नोसॉसच्या, लिनिअर-बी या होमरपूर्व ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर तेलाच्या हिशेबात ‘वाऱ्यांची पुजारीण’ अशी नोंद आहे. पुढच्या काळात बळी देताना रंग पाळत. ‘इनीड’मध्ये इनिअसचा बाप अँकायसीस समुद्रावर निघताना वादळाला काळी मेंढी देतो आणि अनुकूल झेफिरसांना पांढरी. जे थोपवायचं त्याला काळं, जे बोलवायचं त्याला पांढरं. ग्रीसमधल्या टिटानी गावात वाऱ्यांची वेदी होती. पुजारी वर्षातून एका रात्री तिथे बळी देई आणि वाऱ्यांचा जोर उतरावा म्हणून चार खड्ड्यांत गुप्त विधी करी.

ग्रीसमधल्याच मेथानाचा विधी मात्र कृतीसकट लिहून ठेवलेला आहे. ग्रीक प्रवासलेखक पॉसेनिअस सांगतो: सॅरोनिक आखातावरून लिप्स येतो आणि वेलींचे कोवळे कोंब सुकवतो. तर वारा सुटत असतानाच पूर्ण पांढऱ्या पिसांचा कोंबडा घ्यायचा, दोन माणसांनी त्याचे दोन तुकडे करायचे, एकेक तुकडा घेऊन द्राक्षमळ्याभोवती उलटसुलट दिशांनी धावायचं, आणि निघालो तिथे परत भेटलो की तुकडे तिथेच पुरायचे. वर्तुळ पूर्ण झालं की कुंपण पडलं. यात ‘वाऱ्यापासून राखण’ असं मोघम काही नाही. वारा ठरलेला, पीक ठरलेलं, हंगामही ठरलेला. तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीसने गाढवाच्या कातड्याच्या पिशव्या डोंगरमाथ्यांवर लावून वारा अडवला आणि ‘वारा अडवणारा’ हे नाव मिळवलं, अशी आख्यायिका आहे. इओलसची पिशवी, फक्त कातडं स्वस्तातलं.

अथेन्सकरांचं बोरीअसशी नातं सासर-माहेरचं. त्याने इलिसस नदीकाठून राजा एरेक्थिअसची मुलगी ओरिथिया पळवून नेली. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी आरमार चालून आलं तेव्हा ‘जावयाला हाक मारा’ असा देवाचा कौल अथेन्सला मिळाला होता, असं हिरोडोटस म्हणतो. जावईबापू आले! मॅग्नेशियाच्या किनाऱ्यावर, सेपिअस भूशिराजवळ तीन दिवस वादळ चाललं आणि निदान ४०० जहाजं गेली. आकडा हिरोडोटसचा, त्याच्या इतर आकड्यांसारखाच सढळ. तिथले लोक त्या वाऱ्याला हेलेस्पाँटिअस म्हणत, म्हणजे हेलेस्पाँटकडून (आजच्या डार्डानेल्स सामुद्रधुनीकडून) येणारा. श्रेय बोरीअसला गेलं आणि इलिससकाठी त्याचं देऊळ उभं राहिलं. इटलीतल्या थुरीने तर याच्यावर कडी केली. सिरॅक्यूजच्या डायोनिसिअसचं ३०० जहाजांचं आरमार उत्तरेच्या वाऱ्याने बुडवलं म्हणून ठराव करून बोरीअसला नागरिकत्व दिलं, घर आणि जमीन दिली, आणि दरवर्षी उत्सव सुरू केला.

रोमन लोकांचा व्यवहार नवसाचा. इ.स.पू. २५९ चा कॉन्सल लुसियस कॉर्नेलियस स्किपिओ कॉर्सिकाजवळ वादळातून वाचला आणि त्याने टेम्पेस्टाटीस म्हणजे वादळदेवतांना देऊळ बांधलं. त्याच्या शवपेटीवरच तसं कोरलंय. गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) घरं हलवणारा सर्सिअस वाहतो. तो हवा निरोगी ठेवतो म्हणून तिथले लोक त्याचे आभारच मानत, आणि तिकडे मुक्कामाला असताना खुद्द ऑगस्टसने त्याचं देऊळ बांधलं, असं सेनेका नोंदवतो. अँटिअमच्या बंदरातून तीन वेद्या मिळाल्या आहेत: एक नेपच्यूनची, एक शांत समुद्राची, एक वाऱ्यांची. खलाशाला तिघांशीही बोलावं लागतं.

रोमन नावांत सर्वांत मजेदार सेप्टेंट्रिओ, उत्तरेचा वारा. अर्थ ‘नांगराचे सात बैल’, म्हणजे आपले सप्तर्षी. ईशान्येकडचा अक्विलो, दक्षिणेचा ऑस्टर (ऑस्ट्रेलियातला), नैऋत्येचा आफ्रिकस, वायव्येचा कोरस. पश्चिमेचा फॅव्होनियस ८ फेब्रुवारीपासून वाहू लागतो आणि वसंत समुद्र उघडतो, असं प्लिनी तारखेनिशी देतो. व्हल्टर्नस आग्नेयेचा. इ.स.पू. २१६ च्या कॅनीच्या लढाईत रोमनांच्या तोंडावर धूळ उडवणारा वारा हाच, स्थानिक नावासकट लिव्हीने नोंदलेला.

फॅव्होनियस आणि व्हल्टर्नस ही दोन नावं लक्षात ठेवायची, कारण ती आपल्या किनाऱ्यापर्यंत आली. प्लिनी लिहितो की अरबस्तानाहून भारताकडे फॅव्होनियसवर जातात, आणि त्याला तिथे हिप्पालस म्हणतात. हा आपला नैऋत्य मोसमी वारा. व्याधाचा तारा उगवायच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, इजिप्तमधल्या बेरेनिकेहून निघायचं. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ओकेलिसला पोहोचायला तीस दिवस, तिथून हिप्पालसवर मुझिरिसला चाळीस. म्हणजे गलबत मलबारला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला. नारळी पौर्णिमेनंतरच होड्या समुद्रात लोटणाऱ्यांना या वेळापत्रकाचं कारण सांगावं लागणार नाही. त्याच शतकातल्या खलाशांसाठी लिहिलेल्या एका ग्रीक मार्गदर्शक पुस्तकात कल्लिएना आणि सेमिल्ला ही बंदरं आहेत, म्हणजे कल्याण आणि चौल. परतीचा वारा प्लिनी व्हल्टर्नस सांगतो: डिसेंबरच्या सुरुवातीला निघायचं, फार तर १३ जानेवारीच्या आत, आणि तांबड्या समुद्रात शिरल्यावर आफ्रिकस किंवा ऑस्टर धरायचा.

नकाशा उघडून पाहा. नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला प्लिनीने पश्चिमेच्या वाऱ्याचं नाव दिलंय, आणि हिवाळ्यातल्या ईशान्य मोसमी वाऱ्याला आग्नेयेच्या वाऱ्याचं. नैऋत्येसाठी आफ्रिकस आणि ईशान्येसाठी अक्विलो ही नावं त्याच्या यादीत होती, तरीही.